शेक कोण मोजतं?

आमच्या इमारतीत काही बिघडलं, की लोक आधी तात्या भामऱ्यांचं दार वाजवत आणि मग घरच्यांना सांगत. मिक्सर, गिझर, गळका नळ, न लागणारी कडी, काहीही. तात्या सातपूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण पहिल्या पाळीच्या भोंग्याच्या वेळेला ते आंघोळ करून, शर्ट खोचून तयार असत आणि मग दिवसभर बिघाडाची वाट पाहत. आमच्या बिल्डरच्या कृपेने त्यांना फार वाट पाहावी लागत नसे.

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी, घरी एकटी, आणि वस्तू टिकवून वापरायची खोड. त्यामुळे तात्यांचं माझ्याकडे येणं-जाणं असायचं. ते आले की कधी लगेच वस्तू उघडत नसत. आधी ती चालू करायला लावत आणि डोळे मिटून ऐकत. पंख्याचं बेअरिंग ऐकायचं असलं तर लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मोटरला टेकवायचं आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला. त्या वेळी खोलीत कोणी बोललेलं त्यांना खपत नसे. एकदा मी चहाचं विचारलं, तर हाताने गप्प बसवलं आणि नंतर स्वतःच म्हणाले, चहा चालेल.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांचा एक ठरलेला प्रश्न. इमारतीच्या पाण्याची मोटर जळाली तेव्हा सगळे पार्किंगमध्ये जमून एकमेकांवर ढकलत होते. तात्यांनी हत्यारांची पिशवी खाली ठेवली आणि म्हणाले, "आधी सांगा, कोणाचा हात लागला? रागवायचं मागून बघू." उत्तर येईपर्यंत तात्या पिशवीला हात लावेनात. शेवटी आमच्या सेक्रेटरींनी कबूल केलं, की पाणी लवकर चढावं म्हणून त्यांनी काहीतरी फिरवलं होतं. तात्यांनी मान हलवली आणि कामाला लागले. नंतर त्यांनी त्याचा कधी उच्चारही केला नाही. सेक्रेटरींचा मात्र बाकीच्यांनी वर्षभर उद्धार केला.

तात्यांकडून लोक काय न्यायचे याला धरबंध नव्हता. शिडी, ड्रिल, पाने, कुकरची रिंग, आणि गोळ्या. हो, गोळ्यासुद्धा. त्यांच्या हत्यारांच्या कपाटात एका कप्प्यात उरलेली औषधं असत. कुणाची पाठ धरली, दाढ ठणकली, तर तात्या तिथून स्ट्रिप काढून देत आणि वर सांगत, मला लागू पडली होती. प्रत्येक नटाला त्याच्याच मापाचा पाना, नाहीतर नट गोल होतो, असं दहादा ऐकवणारा हा माणूस गोळ्यांच्या बाबतीत इतका उदार कसा, हे मी त्यांना एकदा विचारलं. ते म्हणाले, "अहो ताई, दुखणं सगळ्यांचं सारखंच." मी गुडघ्यासाठी देऊ केलेली गोळी घेतली नाही म्हणून ते दोन दिवस जरा तुटक वागले.

त्यांच्या बायकोचं, विमलकाकूंचं, या उदारपणाबद्दल वेगळं मत होतं. "घरातलं सगळं वाटून झालं, आता मलाच कुणाला देऊ नका," असं त्या चारचौघांत म्हणत. काकू सटाण्याकडच्या, तात्या देवळ्याकडचे. आमच्याशी दोघंही शहरी बोलत, पण आपापसातलं भांडण अहिराणीत चाले. जिन्यातून वरचा आवाज आला आणि शब्द कळले नाहीत, की समजायचं, आज काहीतरी दिलंय कुणाला.

काकूंना छातीचा कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं, इंजेक्शनं झाली, दोनेक वर्षं बरी गेली, आणि मग तो मणक्यात उतरला. डॉक्टरांनी माधुरीला, म्हणजे त्यांच्या पुण्याच्या मुलीला, बाजूला घेऊन सांगितलं. माधुरीने तात्यांना सांगितलं. काकूंना कोणी सांगितलं नाही, आणि त्यांना ते सगळ्यांच्या आधी कळलेलं होतं.

त्या दिवसांत काकूंना आडवं होता येत नव्हतं. पलंगाशेजारी टेबल ठेवून, त्यावर उशी, उशीवर डोकं, अशा बसल्या बसल्या झोपत. तात्यांनी त्या टेबलाच्या पायांना ठोकळे लावून उंची जमवून दिली होती. कपाटातल्या सगळ्या गोळ्या देऊन झाल्या होत्या. एकीचाही उपयोग नव्हता, आणि दोन-तीन एकदम दिल्याने पोटाची आग होऊन बसली ती वेगळी. एका संध्याकाळी मी वर गेले, तेव्हा काकू टेबलावरून मान न उचलता तात्यांना म्हणाल्या, "मरणाचं मी विचारत नाही. दुखण्याचं तेवढं बघा." तात्या म्हणाले, बघतो. पुढचे काही महिने मी त्यांना जे काही करताना पाहिलं, ते सगळं त्या एका शब्दासाठी होतं.

हॉस्पिटलात दुखणं कमी करण्याचा वेगळा विभाग असतो, हे तात्यांना कोणीतरी सांगितलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी काकूंना तपासून पट्ट्या लिहून दिल्या. पारदर्शक, काडेपेटीपेक्षा जरा मोठी पट्टी, अंगाला चिकटवायची. त्यातून औषध कातडीतून हळूहळू आत जातं. औषध अफूच्या जातीचं. हे कळल्याबरोबर काकूंची बहीण लताबाई, जी मालेगावहून येऊन राहिली होती, तिने हाय खाल्ली. म्हातारपणी व्यसन लागणार, शुद्ध राहणार नाही, लोक काय म्हणतील, वगैरे. डॉक्टरीणबाईंनी तिला शांतपणे सांगितलं, की नशेसाठी घेणं वेगळं आणि अशा दुखण्याला मोजून-मापून देणं वेगळं; मात्र मनाने वाढवायचं नाही, मनाने एकदम बंदही करायचं नाही. लताबाईंनी मान डोलावली आणि घरी आल्यावर देवापुढे दिवा लावला.

घरी येऊन सगळं समजावून देण्याचं काम पिंगळे सिस्टरांचं. बुटक्या, भरभर बोलणाऱ्या, स्कूटीवरून येणाऱ्या. पट्टी दर तीन दिवसांनी बदलायची, दर वेळी जागा बदलायची. कापून अर्धी करायची नाही. काढलेल्या पट्टीतही औषध उरतं, म्हणून चिकट बाजू आत घेऊन मिटायची, कुणाच्या हाती लागेल अशी टाकायची नाही, सगळ्या हॉस्पिटलात परत आणायच्या. झोपेची गोळी, खोकल्याचं औषध, विचारल्याशिवाय काही नाही. पट्टीला ऊब लागू द्यायची नाही, गरम पिशवी नाही, कढत आंघोळ नाही. हाक मारून नीट जाग येत नाहीय किंवा श्वास मंद झालाय असं वाटलं, तर थांबायचं नाही, फोन करून निघायचं. आणि या औषधाने पोट हटकून जड होतं, म्हणून त्याचं औषध रोज. हे सगळं ऐकताना मीही तिथे होते. तात्या नवीन मशीनबरोबर आलेल्या माणसाचं ऐकावं तसं मन लावून ऐकत होते.

तिसऱ्या दिवशी काकू आडव्या झोपल्या. तात्या खाली येऊन मला सांगून गेले. दार उघडलं तर म्हणाले, "आडवी झोपली," आणि परत वर गेले. मी दारात उभी राहून रडले. काकूंसाठी की तात्यांच्या त्या दोन शब्दांसाठी, ते मला आजही सांगता येणार नाही.

मग काही दिवस त्या घरात पोट साफ होण्याखेरीज विषय नव्हता. तात्यांना या बाबतीत लाज म्हणून नव्हती. जिन्यात भेटले की विचारायच्या आत सांगत, आज झालं. एकदा सेक्रेटरी पाहुण्यांना घेऊन वर चढत होते, त्यांनाही सांगितलं. काकूंनी हे ऐकलं तेव्हा बऱ्याच दिवसांनी जिन्यातून अहिराणी ऐकू आली. आम्हाला बरं वाटलं.

जानेवारीत थंडी पडली. नाशिकची थंडी ज्याने काढलीय त्याला ती सांगायला नको. फरशीवर पाय ठेववत नाही आणि दुखरी हाडं जास्त दुखतात. काकूंच्या कमरेत पुन्हा कळ येऊ लागली. डॉक्टरीणबाईंनी पट्टीचं माप थोडं वाढवून दिलं. पट्टी तात्याच लावत. काकूंचा हात पोचू नये आणि झोपेत निघू नये म्हणून ती पाठीवर, खांद्याच्या फऱ्याजवळ.

आता आमच्याकडची एक गोष्ट. पाठ दुखली, शेक. पोट दुखलं, शेक. पाय मुरगळला, बाळंतीण असली, थंडी वाजली, तरी शेक. तव्यावरचं फडकं, विटेचा तुकडा, रबराची पिशवी, घरात जे असेल ते. औषध काय दिलं असं विचारलं तर कोणी शेक सांगत नाही. पाठीवरून हात फिरवला हे जसं कोणी सांगत नाही, तसंच ते. त्या दुपारी काकू कुडकुडत होत्या, तात्यांनी पाणी तापवून पिशवी भरली आणि त्यांना कुशीवर करून शेकायला बसले. आधी कमरेला, मग वर, मग खांद्याला. काकूंचा डोळा लागला. तात्यांनी पिशवी तशीच पाठीशी राहू दिली, वरून गोधडी घातली आणि पेपर घेऊन खुर्चीत बसले.

पेपर वाचता वाचता त्यांना आवाज बदललेला जाणवला. काकू घोरत होत्या, पण ते त्यांचं नेहमीचं घोरणं नव्हतं. मधे थांबत होतं, मग ओढल्यासारखं पुन्हा सुरू होत होतं. तात्यांनी हाक मारली, हलवलं, चिमटा काढला. काकूंनी डोळे उघडले नाहीत. तात्यांनी पहिलं काम केलं ते पट्टी ओढून काढली. मग सिस्टरांना फोन. मग जिन्यात येऊन त्यांनी मला हाक मारली ती ओरडून नाही, नेहमीच्या आवाजात, आणि म्हणूनच मी हातातलं टाकून धावले.

जवळच्या दवाखान्यात नेईपर्यंत रिक्षात ते काकूंच्या तोंडाशी कान लावून बसले होते. मला बोलू देत नव्हते. डॉक्टरांनी उताऱ्याचं इंजेक्शन दिलं, नळ्या लावल्या. संध्याकाळी काकूंनी डोळे उघडले आणि हे कुठलं घर म्हणून विचारलं. पट्टी काढली तरी कातडीत साचलेलं औषध काही तास आत जात राहतं, म्हणून त्यांना तिथेच ठेवून घेतलं. डॉक्टरांनी तात्यांना विचारलं, दुसरं काही दिलं होतं का? तात्या म्हणाले, काही नाही. खोटं बोलत नव्हते. त्यांच्या मनाने त्यांनी काहीच दिलं नव्हतं.

घरी आल्यावर लताबाईंना बोलायला जागा मिळाली. अफूच ती, जीव घेणारच, मी आधीच म्हणत होते. एरवी तात्या मेव्हणीचं फार मनावर घेत नसत, पण या वेळी ते तिच्या बाजूचे झाले. डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं, की आधीच्या कमी मापाची पट्टी पुन्हा सुरू करू, सिस्टर येऊन बघतील. तात्यांनी साफ नकार दिला. बंद पडलेलं मशीन कारण कळल्याशिवाय परत चालू करायचं नाही, हा त्यांचा जन्माचा नियम. एकदा एका साहेबाने घाई केली आणि एका कामगाराचा हात गेला, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या नियमापुढे ते कुणाचं ऐकेनात.

पण इकडे काकूंचं दुखणं पहिल्यापेक्षा दुप्पट होऊन परत आलं होतं. टेबल पुन्हा पलंगाशी आलं. माझ्या घरात त्यांचं कण्हणं ऐकू येत होतं आणि मला वरचा मजला, तात्या, त्यांचा नियम, सगळ्याचा संताप येत होता. मी वर जाऊन तात्यांना बोललेसुद्धा. ते म्हणाले, "ताई, परत तसं झालं आणि मला ऐकू आलं नाही तर?"

दुपारी सिस्टर आल्या. त्यांनी वाद घातला नाही. खुर्ची ओढून बसल्या आणि तो सगळा दिवस पहिल्यापासून सांगा म्हणाल्या. काय खाल्लं, ताप होता का, खोकल्याचं औषध, झोपेची गोळी, कुणी दिलेली एखादी पुडी. तात्या एकेकाला नाही म्हणत होते. विचारता विचारता सिस्टरांनी काकूंच्या पायांवरची गोधडी सारखी केली, तर खालून रबरी पिशवी निघाली. गार पडलेली. त्या दिवसापासून ती तिथेच होती.

"हे काय?" सिस्टरांनी विचारलं.

"काही नाही, शेक," तात्या म्हणाले.

"कुठे दिला?"

तात्यांनी स्वतःचा हात मागे नेऊन दाखवायला सुरुवात केली. कमर. मग वर. मग हात खांद्याच्या फऱ्याशी पोचला आणि तिथेच थांबला. ते समजायला त्यांना कोणी काही सांगायची गरज पडली नाही. उबेने पट्टीतलं औषध भराभर आत गेलं, तीन दिवसांत जायचं त्यातलं कितीतरी एका दुपारी, हे सिस्टर नंतर लताबाईंना समजावून सांगत होत्या. तात्या ते ऐकत नव्हते. ते म्हणाले, "म्हणजे माझा हात लागला."

सिस्टर म्हणाल्या, पुष्कळांच्या घरी हे होतं, तुम्ही त्यांचा श्वास ऐकलात म्हणून त्या आज आहेत. तात्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, आणि त्यांचे खांदे हलत होते. मी त्यांच्याकडे न बघता बाहेर बघत राहिले.

काकूंनी टेबलावरची मान उचलली. "सापडलं ना कारण?" त्या म्हणाल्या. "मग लावा आता पट्टी. मला आडवं व्हायचंय."

सिस्टरांनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला, काय घडलं ते सांगितलं, आणि कमी मापाची पट्टी काढून तात्यांच्या हातात दिली. या वेळी दंडावर लावायची होती. तात्यांनी हात धुतले, पुसले, पट्टीमागचा कागद सोलला आणि ती लावून तळहाताने दाबून धरली. सिस्टर झालं म्हणाल्या तरी त्यांनी हात उचलला नाही.

त्यानंतर तात्यांनी जे केलं ते त्यांनाच जमलं असतं. झाला प्रकार त्यांनी इमारतभर सांगितला. पार्किंगमध्ये, दुधवाल्यापाशी, न्हाव्याकडे. पट्टी चिकटवलेली असताना शेक दिला, बायको जात होती, माझ्या हाताने झालं. कुणी म्हणे, अहो जाऊ द्या, तुम्ही मुद्दाम का केलंत? तर म्हणत, मुद्दामचं नाही, तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगतो. लोक पुढे पुढे कंटाळले. मी एका लग्नाला त्यांच्याबरोबर गेले होते, तिथे अक्षता पडायच्या आत शेजारच्या खुर्चीवाल्याला त्यांनी हे सांगून टाकलं. कपाटातल्या गोळ्यांचा कप्पाही त्यांनी रिकामा केला आणि ज्यांना स्ट्रिपा दिल्या होत्या त्यांच्याकडे जाऊन परत मागितल्या. सेक्रेटरींनी त्यांची कधीच खाऊन टाकली होती. तात्या त्यांच्याकडे बराच वेळ काळजीने बघत राहिले.

काकू त्यानंतर दोन महिने राहिल्या. आडव्या झोपत, उशीला टेकून मटार सोलत, लताबाईंच्या स्वयंपाकाला नावं ठेवत. थंडीत तात्यांनी त्यांना स्वेटर घातले, मोजे घातले, दाराच्या फटी बुजवल्या, पण पाणी तापवलं नाही. मार्चच्या एका सकाळी चहा घेऊन गेले तर त्या उठल्या नाहीत. या वेळी त्यांना हलवून बघायला तात्यांनी मला बोलावलं.

तेरावं झालं आणि आठवड्याने माधुरी तात्यांना पुण्याला घेऊन गेली. मी तेव्हा कॉलेजात होते. त्यामुळे मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं ते तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, खाली फाटकाशी. त्यांचे थोरले भाऊ आप्पा देवळ्याहून आलेले होते. कांद्याची काढणी मध्येच सोडून आलेले, कमरेत वाकलेले. तात्या स्कूटर पुसत होते आणि आप्पा तोंड फिरवून उभे होते. मला बघून आप्पा म्हणाले, "ताई, तुम्हीच सांगा. माझी कंबर पार गेलीय. विमलच्या पट्ट्या घरात पडून हायेत. एक माग्तो, तर सख्खा भाऊ नाय म्हनतो. आजवर दारच्या मान्साला कधी नाय म्हनला नाही."

आप्पांपुढे तात्या कधी मान वर करून बोलत नसत, हे मी तेरा दिवस पाहिलं होतं. आताही त्यांनी केली नाही. फडकं पिळत म्हणाले, ज्याच्या अंगात हे औषध कधी गेलेलं नाही त्याला या मापाची एक पट्टी झोपेतच नेईल. या पट्ट्या हॉस्पिटलात परत करायच्या आहेत आणि तिथेच तुमची कंबर दाखवायची आहे, म्हणून तर स्कूटर काढली. आप्पांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण मागे बसले. पट्ट्यांची पिशवी तात्यांनी भावाच्या हातात दिली नाही. पुढे हुकाला अडकवली.

स्कूटर सुरू करायच्या आधी आप्पांनी मागूनच काहीतरी विचारलं. अहिराणीत, हळू. मला त्यातलं काकूंबद्दल, शेवटाबद्दल, एवढंच कळलं. सुतकाच्या सगळ्या दिवसांत हे त्यांना विचारता आलं नव्हतं बहुतेक.

तात्यांनी मान मागे वळवली नाही. "नही आप्पा," ते म्हणाले, "तिले दुखनं नही."

मग त्यांनी किक मारली, क्षणभर इंजिनाचा आवाज ऐकला, आणि दोघे भाऊ त्र्यंबक रोडच्या बाजूला वळले.